खांब कुणाचा, हे आधी ठरवा

वाचकाचं पत्र

स.न.वि.वि.

सांगलीत माधवनगर रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे. आमच्या फाटकासमोर विजेचा सिमेंटचा खांब आहे. त्यावर आता तीन-चार नेटवाल्यांचे डबे आणि केबलची वेटोळी लटकली आहेत. नवा नेटवाला आला की आणखी एक डबा वाढतो. त्यातल्या एका डब्याची वायर थेट रस्त्यावरच्या दिव्याच्या वायरीला जोडलेली दिसते. एकाने तर न विचारता आमच्या कंपाउंडच्या भिंतीत हूक ठोकून केबल पुढे नेली. परवा उसाच्या ट्रॉलीत एक केबल अडकली, ट्रॅक्टरवाल्याला ते कळलंही नाही, आणि खांब रस्त्याच्या बाजूला कलला. तक्रार घेऊन गेले तर एका कार्यालयात म्हणाले, खांब आमचा पण केबल आमच्या नाहीत. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, खांबच आमचा नाही. शेजारी सांगतात, गप्प बसा, नाहीतर सगळ्यांचंच नेट जाईल. माझा मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, सून ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यामुळे नेट आम्हालाही हवंच आहे. पण नातवंडं त्याच खांबाखाली खेळतात. मी कुणाकडे जाऊ? आणि माझ्या भिंतीवरची केबल मी कापून टाकली तर चालेल का?

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. केबल कापू नका, आणि मुलालाही कापू देऊ नका. फायबरच्या आत काच असते, तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, हे खरं. पण ती काच लोंबू नये म्हणून अनेक केबलींना पोलादी तारेचा आधार दिलेला असतो. तीच तार वरच्या उघड्या वीजवाहिनीला कुठे तरी चार घरं पलीकडे टेकली असेल, तर तुमच्या भिंतीवर हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. शिवाय सगळ्याच केबली फायबरच्या नसतात. काही ठिकाणी अजून तांब्याची नेटवर्क केबल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वीजही नेते. खालून पाहून यातली कुठली कोणती, हे जाणकारालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. दूरसंचार अधिनियम 2023 च्या कलम 42 नुसार दूरसंचार जाळ्याचं नुकसान करणाऱ्याला भरपाई द्यावी लागते आणि दंड 50 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. केबल तुमच्या भिंतीवर विनापरवाना आली असली, तरी कात्री चालवल्यावर तक्रारदाराच्या जागेवरून तुम्ही आरोपीच्या जागेवर जाता. भिंतीचा मार्ग वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

त्याआधी कललेला खांब. यासाठी अर्ज-विनंत्यांची वाट पाहायची नाही. आजच 1912 वर फोन करा. महावितरणच्या वीजबिलावरचा तुमचा ग्राहक क्रमांक सांगा, खांबाचं ठिकाण सांगा, आणि ‘खांब कलला आहे, तारा ताणल्या गेल्या आहेत’ असे नेमके शब्द वापरा. नुसतं ‘केबलचा त्रास आहे’ म्हटलं की तक्रार वेगळ्या रांगेत जाते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. खांब दुरुस्त होईपर्यंत मुलांना तिथे खेळू देऊ नका, आणि त्या खांबाला किंवा त्यावरून खाली आलेल्या कुठल्याही तारेला कुणी हात लावणार नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

खांब का कलला, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या अर्जाचा सगळा जोर यावरच येणार आहे. वस्तीत दिसणारा सिमेंटचा खांब साधारण आठ मीटरचा असतो आणि त्यातला दीड मीटरच्या आसपास भाग जमिनीत गाडलेला असतो. त्याच्या डोक्याला बाजूने किती ओढ सहन व्हावी, याचा हिशेब ठरलेला असतो. या मापाच्या खांबांना 140 किंवा 200 किलोचा भार धरतात. त्यात वीजतारांची ओढ आणि वारा बसतो. नेटवाल्यांनी नंतर बांधलेल्या केबली त्या हिशेबात नसतात. केबल दोन्ही बाजूंना सारखी ताणलेली असेल तर ओढ एकमेकींना तोलून धरते. पण कोपऱ्यावरच्या किंवा शेवटच्या खांबावर ती एकाच बाजूला ओढत राहते, म्हणून तिथे मागून स्टे, म्हणजे खांबाला उलट बाजूने जमिनीशी ताणून धरणारी तार, द्यावा लागतो. महावितरण आपल्या तारांसाठी स्टे देतं. नेटवाला मात्र आपली केबल बांधून निघून जातो. महिनोन्‌महिने खांब एका अंगाने ओढला जातो, पावसात बुडाची माती सैल होते, आणि मग एखाद्या दिवशी ट्रॉली केबलीत अडकते.

आपल्याकडे हा धोका इतर शहरांपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं. गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर शहरातल्या रस्त्यांवरून जातात. लघुदाबाची वीजतार रस्ता ओलांडत असेल तर ती जमिनीपासून किमान 5.8 मीटर आणि रस्त्याच्या कडेने जात असेल तर 5.5 मीटर उंच हवी, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. नेटची केबल वीजतारांच्या खाली बांधली जाते, आणि दोन खांबांच्या मध्ये तिला झोळ पडतो. तो झोळ नेमका उसाच्या मोळ्यांच्या उंचीला येतो. ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन इथे काही साधणार नाही. मोळ्यांवर टेकलेली केबल त्याला पुढच्या सीटवरून दिसतच नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न: जायचं कुणाकडे. दोन्ही कार्यालयांनी तुम्हाला अर्धं-अर्धं उत्तर दिलं. शहरात खांब सरसकट एकाच मालकीचे नसतात. ज्यावरून वीजवाहिनी जाते तो महावितरणचा. त्याच खांबावर बसवलेला रस्त्याचा दिवा, त्याची देखभाल आणि त्याचं वीजबिल हे महापालिकेकडे असतं. मोठ्या रस्त्यांच्या दुभाजकात उभे असलेले, फक्त दिव्यांसाठीचे पत्र्याचे उंच खांब महापालिकेचे. जुने टेलिफोनचे खांब बीएसएनएलचे. आणि काही खांब नेटवाल्यांनी स्वतःच रोवलेले असतात, त्यातले कित्येक कुणालाही न विचारता. तुमच्या फाटकासमोरच्या खांबावरून घरांच्या सर्व्हिस वायरी निघत असतील, तर तो महावितरणचा. त्यावर रंगवलेला क्रमांक असेल तर टिपून घ्या. नसेल तर जवळच्या रोहित्राचा, म्हणजे डीपीचा क्रमांक घ्या आणि तिथून हा कितवा खांब ते मोजा. अर्जात ‘आमच्या घरासमोरचा खांब’ एवढंच लिहिलं, तर कागद टेबलांवरच फिरत राहतो.

खांबाचा मालक ठरला की पुढचं बरंच सोपं होतं. दुसऱ्याच्या खांबावर डबा लावायचा तर मालकाची लेखी परवानगी लागते. देशात यासाठी आता एकच चौकट आहे. दूरसंचार अधिनियमातली मार्गाधिकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरून केबल नेण्याच्या हक्काची, कलमं जून 2024 मध्ये लागू झाली आणि त्यांखालचे मार्गाधिकार नियम 1 जानेवारी 2025 पासून अमलात आले. सरकारी खातं, महापालिका किंवा सरकारी कंपनी यांच्या जागेवर, इमारतीवर वा खांबावर केबल न्यायची तर परवानाधारक कंपनीने रीतसर अर्ज करायचा, मालकाने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यायचा, आणि नकार द्यायचा असेल तर कारण लिहून द्यायचं. अर्ज ऑनलाइन करता यावेत म्हणून केंद्राने 2022 मध्ये गतिशक्ती संचार नावाचं पोर्टल सुरू केलं. खर्च तरी किती? 2022 च्या ऑगस्टमध्ये जुन्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा रस्त्यावरच्या खांबांवरून केबल नेण्यासाठी एका खांबामागे वर्षाला 100 रुपये असा दर ठेवला गेला. मोबाइलचं छोटं यंत्र बसवायचं तर शहरात 300 आणि ग्रामीण भागात 150 रुपये. म्हणून ‘परवानगी परवडत नाही’ हे कारण मला मान्य नाही. परवानगीचा कागद घेतला की त्याच्या अटीही पाळाव्या लागतात, आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण, हे त्या कागदावर नावानिशी येतं. बरेच जण कागद टाळतात तो यासाठी.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती नेटवाल्यांशी बोलताना कामी येईल. मार्गाधिकार कुणा एकाला मक्ता म्हणून देता येत नाही, आणि देताना कंपन्या-कंपन्यांत भेदभावही करता येत नाही. त्यामुळे ‘हा खांब आमचा, दुसऱ्याला लावू देणार नाही’ असं एखादा नेटवाला म्हणत असेल तर त्याला काही आधार नाही. केबल लावायला मिळाली म्हणजे खांबावर हक्क मिळाला, असं होत नाही.

पैशांचा मुद्दा मी मुद्दाम काढतो, कारण तो तुमच्या खिशाशी जोडलेला आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 51 प्रमाणे वीज वितरण कंपनी आपल्या खांबांसारख्या मालमत्तेचा दुसऱ्या व्यवसायासाठी वापर करू शकते, वीज नियामक आयोगाला आधी कळवून. पण त्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा वहन आकार कमी करण्यासाठी वापरायचा असतो. वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचा आकार, तुमच्या वीजबिलात दर महिन्याला छापलेला असतो. म्हणजे विनापरवाना लटकलेल्या प्रत्येक डब्यामागे ग्राहकांच्या वाट्याची थोडी थोडी रक्कम बुडते. एका खांबाची रक्कम किरकोळ वाटेल, पण शहरभराचे खांब धरा.

आता दिव्याच्या वायरीतून वीज घेणारा डबा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. फायबरच्या डब्यात नुसता स्प्लिटर असेल तर त्याला वीज लागतच नाही, काचेतला प्रकाश तो फक्त वाटून देतो. वीज लागते ती नेटवर्क स्विच, म्हणजे नेट अनेक घरांत वाटणारं विजेवरचं यंत्र, असलेल्या डब्याला. ती मीटर घेऊन किंवा एखाद्या ग्राहकाच्या घरातून, त्याच्या संमतीने घ्यायची असते. रस्त्याच्या दिव्यावरून घेतली असेल तर तो आकडाच झाला. शेतात टाकलेल्या आकड्याला जे कलम लागतं, वीज कायद्याचं 135, तेच इथे लागतं. आणि बिल महापालिकेच्या दिव्याच्या मीटरवर चढतं. पण चोरीपेक्षाही मला भीती आहे ती जोडणीची. चिकटपट्टी गुंडाळलेला उघडा जोड, त्याला ना फ्यूज ना अर्थिंग, आणि डबा पत्र्याचा. पहिल्या पावसात असा खांब अंगात वीज घेऊन उभा राहू शकतो. शिवाय 2019 चा आणि 2021 चा पूर सांगलीने पाहिलाय. पाणी चढायला लागलं की महावितरण भागाभागाची वीज बंद करतं. अशा वेळी आतल्या बॅटरीवर किंवा कुणाच्या घरच्या इन्व्हर्टरवर चालू राहिलेला डबा खांबावर चढणाऱ्या लाइनमनला ठाऊक नसतो. तसाही या वेटोळ्यांमुळे त्याला शिडी टेकवायला, पट्टा अडकवायला जागा उरत नाही. रात्री-अपरात्री आपला फ्यूज बसवायला जो माणूस वर चढतो, त्याच्या जिवाचा हा प्रश्न आहे, आणि तक्रार करायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

तेव्हा दोन अर्ज करा. पहिला महावितरणच्या तुमच्या उपविभागाच्या कार्यालयात, सहायक किंवा उपकार्यकारी अभियंत्याच्या नावे. दुसरा महापालिकेत आयुक्तांच्या नावे, विद्युत विभागाला प्रत. पहिल्यात मजकूर साधारण असा ठेवा: ‘खांब क्र. अमुक, डीपी क्र. तमुक. या खांबावर वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांचं साहित्य बसवलेलं आहे. त्याच्या ओढीने व त्यातली केबल वाहनात अडकल्याने खांब कलला आहे. खांबाची तपासणी करून तो सरळ करावा व स्टे द्यावा. साहित्यास परवानगी आहे का, असल्यास कोणास, हे कळवावं. विनापरवाना साहित्य संबंधितांना नोटीस देऊन हटवावं आणि परवानगी असलेलं साहित्य सुरक्षित उंचीवर, लाइनमनला चढता येईल असं बांधून घ्यावं.’ दुसऱ्या अर्जात भर दिव्यावरून घेतलेल्या विजेवर द्या. दोन्हींना फोटो जोडा: एक लांबून, खांबाचा कल दिसेल असा, आणि एक डब्याचा, त्यावर कंपनीचं नाव किंवा फोन नंबर असेल तर तो वाचता येईल असा. अर्ज आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पोच नसलेला अर्ज पुढे सिद्ध करता येत नाही.

शक्य असेल तर अर्जावर कॉलनीतल्या आणखी काही घरांच्या सह्या घ्या. शेजाऱ्यांची भीती मी समजू शकतो. पण त्यांना नीट सांगा की आपण केबल तोडायला सांगत नाही, बांधून घ्यायला सांगतोय. अर्जातलं शेवटचं वाक्य मी त्यासाठीच तसं लिहिलं आहे. सरसकट ‘सगळ्या केबली काढा’ असा अर्ज दिला, तर एखाद्या दिवशी कर्मचारी येऊन कैची चालवतील, चार दिवस सगळ्यांचं नेट जाईल, आणि पाचव्या दिवशी त्याच केबली त्याच खांबावर पुन्हा चढतील. त्यातून खांबाचं काहीच भलं होत नाही. नोटीस, मुदत आणि मग कारवाई, या क्रमाने काम झालं तर रीतसर वागणारा नेटवाला टिकतो आणि तुमच्या मुलाचं कामही थांबत नाही.

महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महावितरणलाही तो लागू आहे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, फी 10 रुपये. तीनच गोष्टी मागा: या खांबावर साहित्य बसवायला दिलेल्या परवानग्यांच्या प्रती, त्यापोटी मिळालेल्या भाड्याचा तपशील, आणि माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची नोंद. ‘का केलं नाही’ असा जाब विचारू नका. माहिती अधिकारी कागद देऊ शकतो, कारणमीमांसा करत बसणं त्याला बंधनकारक नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर 20 रुपयांच्या फीवर पहिलं अपील. परवानगीची प्रत मिळाली तर तिच्यातल्या अटी हातात येतात. ‘अशी परवानगी अभिलेखावर नाही’ असं उत्तर आलं, तर विनापरवाना असल्याचा पुरावाच तुमच्या हाती लागतो.

नेटवाल्याशी बोलताना एक लक्षात ठेवा. गल्लीत येणारा मुलगा किंवा ‘केबलवाले’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते बहुधा स्थानिक भागीदार असतात. दूरसंचार विभागाचा परवाना वरच्या कंपनीकडे असतो. तिचं नाव तुमच्या मुलाच्या नेटच्या बिलावर मिळेल. तुमच्या स्वतःच्या कंपनीपासूनच सुरुवात करा, तिचा डबाही त्याच खांबावर असणार. ग्राहक म्हणून तुमचं ऐकणं तिला भाग आहे, आणि आपला डबा आधी नीट करून घेतला की बाकीच्यांबद्दल बोलताना तुमचा शब्द वजनदार होतो.

कॉलनीतला रस्ता नव्याने करायचं निघालं तर त्या वेळी आणखी एक मागणी ठेवा: काँक्रीट ओतण्याआधी कडेने केबलसाठी रिकामे पाइप टाकून घ्यावेत. सर्वांनी मिळून वापरायच्या अशा भुयारी मार्गिकांची तरतूद नव्या कायद्यात आहे. केबल जमिनीखाली गेली की ट्रॉली, वादळ आणि वेटोळी हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात.

राहिली तुमची भिंत. खाजगी मालमत्तेवर केबल न्यायची तर कंपनीने मालकाकडे अर्ज करून, त्याच्याशी ठरवून मगच न्यायची, असं अधिनियमाचं कलम 12 सांगतं. सार्वजनिक हितासाठी सरकारला पुढे पाऊल टाकता येतं, पण तेही रीतसर प्रक्रिया करूनच. रिकाम्या हाताने येऊन हूक ठोकण्याची मुभा कुणालाच नाही. त्या केबलवर कंपनीचं नाव छापलेलं असतं का बघा, नसेल तर ती ज्या डब्यात जाते त्यावरून ओळखा. कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: माझ्या संमतीविना हूक ठोकला आहे, पंधरा दिवसांत तुमच्या माणसाकरवी काढून भिंत पूर्ववत करून द्या. प्रत वरच्या दोन्ही अर्जांना जोडा. त्या केबलवर शेजारच्या एखाद्या घराचं नेट चालत असेल, आणि तुमची हरकत फक्त न विचारण्याला असेल, तर संमती द्यायलाही तुम्ही मोकळ्या आहात. मात्र ती कागदावर द्या. केबल किती उंचीवर राहील, भिंतीला तडा गेला तर दुरुस्ती कोण करेल आणि तुम्ही सांगाल तेव्हा किती दिवसांत ती काढली जाईल, एवढं त्यात लिहून घ्या आणि कंपनीच्या माणसाची शिक्क्यासह सही घ्या.